न मागितलेली रजा

चौऱ्याहत्तर सालच्या नोव्हेंबरात सोलापूरच्या पोलीस लाईनीत एक भयंकर गोष्ट घडली. हवालदार गुरप्पा हत्तुरे यांना दहा दिवसांची रजा मिळाली.

यात भयंकर काय, असं ज्याला वाटेल त्याच्या घराण्यात कधी कुणी पोलीस झालेला नाही, असं खुशाल समजावं. त्या काळी रजा हवी असली की तीन अर्ज करावे लागत, दोन साहेबांच्या पुढंमागं करावं लागे आणि घरातलं एखादं माणूस मारावं लागे. गुरप्पाच्या एका मावशीला आजवर तीन वेळा देवाज्ञा झाली होती. मावशी दुधनीला ठणठणीत होती आणि दर सणाला भाच्याकडं कडबू पाठवत होती, ती गोष्ट वेगळी. तिन्ही वेळा अर्ज 'अंत्यविधी एव्हाना उरकला असेल' असा शेरा घेऊन परत आला होता. अकरा वर्षांत या माणसानं सलग दोन दिवस घरात काढले नव्हते.

आणि आता ना अर्ज, ना मावशी. सकाळची हजेरी झाल्यावर नवे इन्स्पेक्टर रणनवरेसाहेब यांनी त्याला आत बोलावलं, एक कागद पुढं सरकवला आणि म्हणाले, "हत्तुरे, उद्यापासून दहा दिवस रजा. घरी जा."

"का, साहेब?"

"का म्हणजे? रजा आहे."

गुरप्पानं कागद घेतला. मागच्या बाजूला काही लिहिलंय का ते बघितलं. उजेडाकडं धरला. मग सॅल्यूट ठोकून बाहेर आला आणि व्हरांड्यातल्या बाकावर मटकन बसला. कुणीतरी गेल्याचा निरोप मिळाल्यावर माणूस बसतो, तसा.

मुळात संशय हा त्याचा पिंडच. बायकोनं भाकरीबरोबर गूळ जरा जास्त वाढला तरी "आज काय हाय?" असं विचारून मगच तो घास मोडायचा. पंचवीस वर्षं नोकरी आणि बाहीवर तीन फिती, त्याही संशयावरच कमावलेल्या. चोर ओळखायची त्याची एक खूण होती, आणि ती तो प्रत्येक नव्या शिपायाला शिकवायचा: "ज्याला सोताचं नाव सांगायच्या आदी थांबावं लागतंय, त्यो आपला."

त्यात रणनवरेसाहेबांचं तरी कुठं धड होतं? येऊन दोन महिने झाले तरी हा माणूस कुणावर ओरडला नव्हता. जुने पंचनामे काढून वाचत बसायचा. आणि आल्या आल्या त्यानं ठाण्यातल्या सदतीस माणसांना एकेक करून आत बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला, "झोप लागते का?"

आता पोलिसाला असं कुणी विचारतं का? माणसं काय समजायचं ते समजली. ड्यूटीवर डुलक्या घेणारे शोधायचा हा नवा डाव! मग काय, प्रत्येकानं छाती पुढं काढून सांगितलं, "अजिबात न्हाय, साहेब! झोप ठाऊकच न्हाय!" गोदामाच्या पहाऱ्यावर बंदुकीला मिठी मारून घोरणाऱ्यांनीही हेच सांगितलं. फक्त गुरप्पा म्हणाला, "लागती, साहेब. मस्त लागती."

तो असं का म्हणाला, ते पुढं येईलच.

रजेची बातमी त्याच्या आधी लाईनीत पोचली. घरी येऊन त्यानं कागद सिद्धम्माच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखता येत होता.

"एनरी, काय झालं हो?" तिनं तोंडावर पदर धरला. "सस्पेंड केलं?"

"रजा दिली."

"आपणहून?"

"आपणहून."

"अय्यो!" सिद्धम्मा खाली बसली. "मग सस्पेंडपेक्षा वाईटच हाय की."

दोन खोल्या पलीकडं राहणारी बजाबाई पीठ मागायच्या निमित्तानं आलीच. तिचा नवरा हेडक्वार्टरच्या कोठीत, म्हणून खात्यातलं सगळं आपल्याला कळतं असा तिचा समज. भांडं हातातच राहिलं आणि तिनं दारात उभं राहून तीन शक्यता मांडल्या. एक म्हणजे चौकशी लागली. रजेवर पाठवून मागं कागद तपासणार. दुसरी म्हणजे साहेबाला त्या जागेवर आपला माणूस बसवायचा.

"आन् तिसरी?" सिद्धम्मानं विचारलं.

बजाबाईनं आवाज बारीक केला. बारीक म्हणजे चार खोल्यांना ऐकू जाईल इतका. "येरवड्याला पाठवत्यात की. जेलात न्हवं गं, त्या शेजारच्या दवाखान्यात. डोक्याच्या. पैली घरी बसवत्यात, मग गाडी येती."

त्यावर सिद्धम्मानं तिला पीठ दिलं नाही.

खरं तर रजा म्हटल्यावर आधी तिनं माहेरची पिशवी खुंटीवरून काढली होती. बजाबाई गेल्यावर ती परत अडकवली. "आपण गावाला गेलो आणि मागं खोलीला दुसऱ्याचं कुलूप लागलं तर? मी हलत न्हाय."

गुरप्पा मात्र बजाबाईच्या पहिल्याच शक्यतेपाशी अडकला होता. चौकशी. कारण चौकशी लागण्यासारखं त्याच्याकडं एक प्रकरण होतं, आणि ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी, दुष्काळाच्या उन्हाळ्यात, हद्दीतल्या एका आटलेल्या विहिरीचा गाळ काढायला तीन गडी उतरले. पहिला खाली जाऊन कोसळला. दुसरा त्याला बघायला उतरला, तोही आडवा. तिसरा त्या दोघांना काढायला गेला. विहिरीत वायू साठला होता. गुरप्पा तिथं पोचला तेव्हा काठावर पन्नास माणसं होती आणि उतरायला एकही तयार नव्हता. त्यानं कडुनिंबाच्या फांद्या दोराला बांधून विहिरीत वरखाली करवल्या, हवा खेळती केली, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि कमरेला दोर लावून स्वतः उतरला. वरून दोर धरला होता त्याच्या हाताखालचा शिपाई महिपती वाघमोडे यानं.

महिपतीनं वरून वाकून बघितलं आणि ओरडला, "हवालदार, तिन्ही गेलीत! जवळचा बांधा पैला!"

गुरप्पानं जवळचा बांधला. मग त्याच्या शेजारचा. तिसऱ्याच्या काखेतून दोर घालत असताना त्या माणसाच्या हातानं त्याचं उजवं मनगट धरलं. घट्ट धरलं. काठावर येईपर्यंत तो मेला होता आणि बोटं सोडवायला दोघं लागले.

संध्याकाळी पंचनामा लिहायला गुरप्पाच बसला. 'प्रेत तिसरे. उजव्या हाताची मूठ घट्ट वळलेली.' एवढं लिहिलं. त्या मुठीत काय होतं, ते लिहिलं नाही. शेवटी उतरलेला माणूस सगळ्यात कमी वेळ खाली होता. त्याला पहिला बांधला असता तर? पोलिसाला हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारावा लागत नाही.

त्यानंतर त्याचं असं झालं की कुठलाही मरणाचा पंचनामा आला आणि प्रेताच्या हातांचं वर्णन लिहायची ओळ आली, की त्याचा हात कागदावर थांबायचा. पेन हलायचंच नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा महिपतीनं काही न विचारता पेन काढून घेतलं आणि "तुमी सांगा, मी ल्हितो" म्हणाला. तेव्हापासून दीड वर्ष तोच लिहीत होता. गुरप्पा तोंडी सांगायचा आणि खाली सही करायचा. सही मात्र यायची. हवालदाराला लिहिता येत नाही हे बाहेर कळलं तर फिती राहणार नाहीत. आणि का येत नाही हे कळलं तर नोकरीही राहणार नाही, असं त्याला वाटायचं. डोळा तर तासाभराच्या वर लागत नव्हता. म्हणून, साहेबांनी विचारल्यावर, "मस्त लागती".

हे सगळं ठाऊक असणारा माणूस एकच. महिपती! दीड वर्ष बिनबोभाट, न मागता मदत करणारा माणूस. आता तुम्हीच सांगा, न मागता मदत करणाऱ्यावर संशय घ्यायचा नाही तर कुणावर घ्यायचा?

रजेच्या पहिल्या दिवशी गुरप्पानं तपास सुरू केला.

मेहुण्याचं जुनं धोतर नेसला, डोक्याला रुमाल गुंडाळला, वर चादर पांघरली आणि ठाण्यासमोरच्या निंगप्पाच्या हॉटेलात कोपऱ्यातलं बाकडं धरून बसला. तिथून अंमलदाराचं टेबल दिसायचं. कोण येतं, महिपती कुणाशी बोलतो, कपाटातून कुठली फाईल निघते, सगळं. ऊन चढलं तरी चादर उतरेना.

निंगप्पानं त्याला पहिल्याच मिनिटाला ओळखलं होतं. अख्ख्या पेठेनं ओळखलं होतं. चालण्यातला पोलीस धोतरानं थोडाच झाकतो! पण निंगप्पा भारी खट्याळ. तो रोज अदबीनं विचारायचा, "पाव्हणं कुटलं? आमच्याकडं कसं काय येणं झालं?"

"बाजाराला."

"बाजार मंगळवारी असतो, पाव्हणं. आज गुरुवार."

"मंगळवारची वाट बघतोय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी महिपती कपाटापाशी गेला, जुन्या पंचनाम्यांचा गठ्ठा काढला आणि साहेबांच्या खोलीत नेला. गुरप्पाचा चहा निवला. तिसऱ्या दिवशी महिपती बाहेर आला, हॉटेलकडं एकटक बघत उभा राहिला आणि परत गेला. झालं! गुरप्पाच्या लेखी प्रकरण शाबीत झालं. दीड वर्ष यानं आपल्यावर उपकार जमवले आणि आता ते साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवले.

चौथ्या दिवशी त्याच्या खांद्यावर हात पडला.

हात होता शिपाई तिप्पण्णाचा. बार्शीहून बदलून येऊन त्याला आठवडाही झाला नव्हता, त्यामुळं हवालदार हत्तुऱ्यांचं नाव त्यानं ऐकलं होतं, तोंड बघितलं नव्हतं.

"चार दिस बगतोय तुला. हितं ठाण्यावर नजर ठिवून काय बसलाय रं? नाव काय?"

आता खरं नाव सांगावं तर लाज, खोटं सांगावं तर... गुरप्पा थांबला. अर्धा क्षणच, पण थांबला.

"नाव सांगाया इचार करावा लागतोय व्हय!" तिप्पण्णा खुलला.

"रेवणप्पा," गुरप्पा पुटपुटला.

"बापाचं नाव?"

गुरप्पा पुन्हा थांबला.

"चल. एकशेनऊखाली आत घालतो तुला." म्हणजे लपूनछपून संशयास्पद वावरणाऱ्याचं कलम. याच कलमाखाली गुरप्पानं आयुष्यात शे-दीडशे माणसं आत घातली होती. निंगप्पानं जाता जाता हात जोडले, "या पाव्हणं, पुन्हा या."

तिप्पण्णानं गचांडी धरून त्याला व्हरांड्यातून आत ओढलं आणि अंमलदाराच्या टेबलापुढं उभं केलं. टेबलावर महिपती. महिपतीनं वर बघितलं, ताडकन उठला आणि सॅल्यूट ठोकला. मागं पहाऱ्यावरच्या शिपायानंही ठोकला. तिप्पण्णाचा हात अजून गचांडीवरच होता. तो सोडावा की वर न्यावा, हे त्याला काही केल्या उमजेना.

आतून साहेबांचा आवाज आला, "हत्तुऱ्यांना आत पाठवा."

गुरप्पा धोतर सावरत आत गेला.

"बसा."

हवालदाराला कुणी बसा म्हणत नाही. गुरप्पानं खुर्चीकडं नीट बघितलं आणि उभाच राहिला.

"रजेचे किती दिवस झाले?"

"चार, साहेब."

"काय केलंत?"

"आराम."

"कुठं?"

गुरप्पानं खिडकीकडं बघितलं. खिडकीतून निंगप्पाचं कोपऱ्यातलं बाकडं लख्ख दिसत होतं.

"साहेब, गोल गोल नगं. माज्यावर कसली चौकशी लावलीय, तेवढं सांगा."

"कुणी सांगितलं चौकशी लावली म्हणून?"

"कुणीच न्हाय. म्हनूनच म्हनतो."

रणनवरेसाहेब हसले नाहीत. त्यांनी गठ्ठ्यातले दोन-तीन पंचनामे पुढं ठेवले. "हे मी आल्या आल्या वाचलेत, परवा पुन्हा मागवले. दुष्काळाच्या उन्हाळ्यापर्यंत तुमचं अक्षर आहे. चांगलं अक्षर आहे. मग एकदम बंद. आणि या ठाण्यात सदतीस माणसं आहेत, हत्तुरे. छत्तीस जणांनी मला सांगितलं की झोपत नाही, आणि ते छत्तीसच्या छत्तीस झोपतात, मी बघितलंय. तुम्ही एकटेच म्हणालात मस्त झोप लागते."

गुरप्पा खुर्चीत बसला.

"महिपतीनं काय सांगितलं?"

"त्याला विचारलं. तो म्हणाला, हवालदारांच्या बोटाला नखुरडं झालंय. दीड वर्षाचं नखुरडं!" साहेबांनी कागद मिटले. "मला तुमच्याकडून काही काढून घ्यायचं नाही. विहिरीत काय झालं मला माहीत नाही. पण त्या दिवशी तिथं दोघं होतात. त्याच्याशी बोला. मुद्देमालाच्या खोलीत जा, दार लावून घ्या. चहा पाठवतो."

"आन् असं लेखी देताय का, चौकशी न्हाय म्हनून?"

"नाही," साहेब म्हणाले. "लेखी दिलं की त्याला नंबर पडतो. नंबर पडला की वरचे विचारतात. विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका."

विनानंबराच्या शब्दावर विश्वास! पंचवीस वर्षांत हे कुणी मागितलं नव्हतं.

मुद्देमालाच्या खोलीत चोरीच्या सायकली, पितळी घागरी आणि एक हार्मोनियम होती. गुरप्पा एका पोत्यावर बसला, महिपती उभा. बराच वेळ दोघंही हार्मोनियमकडं बघत होते.

"नखुरडं," गुरप्पा म्हणाला.

"दुसरं काय सुचना मला."

"महिपती, खरं सांग. दीड वर्ष का लिवलंस माजं? काय पायजे तुला?"

महिपतीचा चेहरा असा झाला, की गुरप्पाला वाटलं हा आता हात उचलतो. "मला काय पायजे? तुमीच दीड वर्सं त्या दिसाबद्दल माज्याशी बोलला न्हाई की! मला वाटलं तुमी मला धरून हाय मनात. मीच वरडलो की वरून... तिन्ही गेलीत म्हनून. नीट बगितलं बी न्हवतं मी. दोराला हिसका आला तवा कळलं मला, की त्यो तिसरा हलला. तुमी पंचनाम्यात काय बी ल्हिलं न्हाई. मला वाटलं, मला वाचवलं आन् आता राग धरलाय. मग म्हटलं, ल्हून तरी देऊ."

गुरप्पाला आता उमगलं. चार दिवस ज्याच्यावर पाळत ठेवली, तो दीड वर्ष आपल्यावरच पाळत ठेवून होता.

"तू वरडलास ते मला आठवत बी न्हाय," तो म्हणाला. हे अर्धं खोटं होतं. मग त्यानं बाही वर सारून मनगट पुढं केलं. "हितं धरलं हुतं त्यानं."

महिपती खाली बसला. चहा आला, निवला, दुसरा आला. खोलीतून एकदा कुणीतरी मोठ्यानं रडल्याचा आवाज आला म्हणतात, पण कुणाचा, यावर ठाण्यात आजतागायत एकमत नाही.

उरलेले सहा दिवस गुरप्पा खरोखरच सासुरवाडीला गेला. सिद्धम्मानं दाराला दोन कुलपं लावली आणि एक किल्ली मुद्दाम बजाबाईला दाखवून कमरेला खोचली. तिथं पहिल्या दुपारी तो जेवून जो आडवा झाला, तो दिवेलागणीला उठला. तेवढ्या वेळात सिद्धम्मानं तीनदा नाकापाशी हात धरून बघितला.

पण फेब्रुवारीत चौकशी आली. खरीखुरी, नंबर पडलेली. फरक एवढाच, की ती रणनवरेसाहेबांवर होती. एका ठाण्यात तीन महिन्यांत न मागता नऊ रजा? हा माणूस रजा देऊन शिपाई आपल्या बाजूला वळवतोय की काय? वरून एक तपासणी साहेब आले, जाड भिंगाचे, तोंडावरची माशी न हलणारे. रजा घेतलेल्या प्रत्येकानं कारण स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं.

माणसांनी लगेच आपापल्या मावश्या मारल्या. त्यानं रणनवरेसाहेब आणखी अडकणार होते, कारण एका महिन्यात पाच मावश्या कुठल्या साहेबाला पटतात? गुरप्पाला हे कळत होतं. खरं लिहावं तर साहेब सुटतील, पण स्वतःच्या फिती स्वतःच्या हातानं उसवल्यासारखं होणार. तो टेबलाशी बसला. महिपती शेजारी येऊन हळूच म्हणाला, "द्या हिकडं. मी ल्हितो."

"नगं. तू निस्ता बस."

सकाळी बसला तो गिरणीचा दुपारचा भोंगा झाला तरी लिहीत होता. मधे दोनदा हात थांबला. थांबला की तो पेन खाली ठेवायचा, मनगट चोळायचा, महिपतीकडं बघायचा आणि पुन्हा उचलायचा. तीन पानं झाली. विहीर, दोर, तिसरा माणूस, मनगट, दीड वर्ष न लिहिलेले पंचनामे, न लागलेली झोप. महिपतीनं न सांगता खाली साक्षीदार म्हणून सही केली.

तपासणी साहेबांनी तिन्ही पानं वाचली. मग पहिल्यापासून पुन्हा वाचली. "हे तुमचंच अक्षर?"

"व्हय, साहेब."

"यानं फिती जाऊ शकतात, ठाऊक आहे?"

"ठाऊक हाय."

फिती गेल्या नाहीत; निवृत्त होईपर्यंत त्या बाहीवरच राहिल्या. पण हे त्या दुपारी खोलीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. तपासणी साहेबांनी कागद मिटले, फाईलीत घालायला म्हणून हात पुढं केला आणि मधेच थांबले. उठले. दार लोटलं. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हत्तुरे, एक विचारू? दहा दिवस पुरतात का?"

गुरप्पाचे डोळे बारीक झाले. त्यानं साहेबांकडं बघितलं, लोटलेल्या दाराकडं बघितलं, पुन्हा साहेबांकडं बघितलं.

"चार दिवस संशयात जात्यात, साहेब," तो म्हणाला. "ऱ्हायलेलं सा कामाला येत्यात."